बाजूची नजर

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांना चिकटून वाढलेली गाठ काढताना रुग्णाची नजर कशी सांभाळतात, हा प्रश्न निघाला की मोठ्या शहरातलं शस्त्रक्रियागृह नजरेपुढे येतं: सूक्ष्मदर्शक, नाकातून आत सारलेली दुर्बीण, पडद्यावर सरकणाऱ्या रेषा. त्या साऱ्याचं मोल मोठं आहे आणि या प्रकरणाचा बराच भाग त्यावरच खर्ची पडणार आहे. पण माझं म्हणणं मी आधीच मांडतो. गाठीच्या शेजारची नस मुख्यतः दोन कारणांनी मरते: दाब आणि रक्ताची उपासमार. दोन्हींचा हिशेब काळावर चालतो. गाठीने नस किती काळ दाबून धरली आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या नसेत किती जीव उरला होता, यावर पुढची नजर फार मोठ्या प्रमाणात ठरते. म्हणून अशा शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा नागपूर-मुंबईत नसतो. तो गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीसारख्या गावात, आरोग्य केंद्राच्या बाकावर सुरू होतो, किंवा तिथेच हुकतो.

आधी जागेचा नकाशा. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यापासून सुमारे दहा ते बारा लाख तंतू निघतात आणि त्यांची एक नस बनून ती हाडाच्या अरुंद बोगद्यातून कवटीत शिरते. आत गेल्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना भेटतात आणि त्यांची फुली होते. या फुलीत प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या पडद्याचे तंतू बाजू बदलतात, कानाकडच्या अर्ध्याचे तंतू आपल्याच बाजूने पुढे जातात. नाकाकडचा पडदा बाहेरच्या बाजूचं दृश्य पाहतो. त्यामुळे फुलीच्या मधोमध दाब आला की उजव्या डोळ्याला उजवीकडचं आणि डाव्या डोळ्याला डावीकडचं दिसेनासं होतं. फुलीच्या खाली, हाडाच्या खळग्यात पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. ग्रंथी आणि फुली यांच्यात साधारण एक सेंटिमीटरचं अंतर असतं, म्हणून ग्रंथीतली गाठ बरीच वाढेपर्यंत नजरेला काही होत नाही. त्या भागात आणखीही गाठी होतात: मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिन्जिओमा, आणि लहान मुलांतही आढळणारा, पाण्याच्या पिशव्या आणि चुन्याचे खडे असलेला क्रॅनिओफॅरिन्जिओमा. यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. जीव वाचण्याची आशा चांगली असते, आणि नेमकं म्हणूनच नजर गमावणं अधिक जिव्हारी लागतं, कारण त्या माणसाला पुढची कित्येक वर्षं जगायचं असतं.

फुलीवरच्या दाबाचा सर्वांत फसवा गुण असा की मधली नजर बराच काळ शाबूत राहू शकते. नेत्र शिबिरात सहा मीटरवर टांगलेल्या तक्त्यावरची शेवटची ओळ असा माणूस वाचून दाखवतो, आणि कागदावर ‘नजर चांगली’ असं लिहिलं जातं. तक्ता मधलं पाहायला सांगतो; जे गेलं आहे ते बाजूचं. रुग्णही ‘मला बाजूचं दिसत नाही’ असं क्वचितच म्हणतो, कारण बाजूच्या नजरेची जाणीव आपल्याला नसतेच, ती फक्त वापरली जाते. तो म्हणतो, दारावर खांदा आपटतो, बाजूने आलेली गाडी कळत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. सुईची तक्रार अगदी खरी आहे: दोन्ही बाजूंची नजर गेली की ज्या बिंदूवर डोळे रोखले आहेत त्याच्या पलीकडची वस्तू दोन्ही डोळ्यांच्या आंधळ्या भागात पडते. गाठ खालून दाबत असेल तर बहुधा आधी वरच्या बाजूचं जातं, वरून दाबत असेल तर खालच्या बाजूचं. तेंदूपानं तोडायला किंवा मोह वेचायला पहाटे रानात जाणाऱ्याचं खालच्या बाजूचं गेलं, तर मूळ-दगडाला ठेच लागण्याचं कारण त्याला अंधार वाटेल, वय वाटेल. डोळ्यांची नस हे कारण सुचणार नाही.

आलापल्ली हे नाक्याचं गाव. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा आणि चंद्रपूर या चारही दिशांच्या वाटा इथे येऊन मिळतात. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, पण अहेरी तालुक्यातल्या माणसासाठी चंद्रपूर अजूनही आष्टी-गोंडपिपरीवरून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे आणि नागपूर अडीचशेच्या पुढे. जवळचं मोठं रुग्णालय अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय. देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गावोगावी नेल्या, हे त्याचं निर्विवाद काम. पण त्याच्या यशाची एक सावली आहे. पन्नाशीपुढच्या माणसाची नजर कमी झाली की उत्तर तयार असतं: मोती पिकायचाय, थांबा. ज्याच्या भिंगात थोडा मोती आणि फुलीखाली गाठ असं दोन्ही आहे, त्याला हे ‘थांबा’ फार महाग पडतं. मोतीबिंदूने गेलेली नजर वर्षभराने शस्त्रक्रिया केली तरी बहुधा परत येते. नसेने गेलेली वर्षभराने येईलच असं नाही.

हा फरक ओळखायला लागतं काय? समोरासमोर, हातभर अंतरावर बसायचं. रुग्णाने एक डोळा तळव्याने झाकायचा, दुसऱ्याने तपासणाऱ्याच्या नाकाकडे पाहायचं. तपासणाऱ्याने चार कोपऱ्यांत बोटं दाखवायची, किती ते विचारायचं. मग लाल टोपण घ्यायचं. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांच्या बाटलीचं टोपण बहुधा लाल असतं आणि डोळ्यांच्या खोलीत ते नेहमी सापडतं. ते मध्यरेषेच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला धरून विचारायचं, दोन्हीकडे सारखंच लाल आहे का? नसेवर दाब आला की लाल रंग आधी फिका, तपकिरी होतो, नंतर नाहीसा होतो. शेवटी बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवायचा आणि बाहुल्या सारख्याच आकसतात का ते पाहायचं. यात अक्षर वाचावं लागत नाही. मराठी न येणारी, फक्त माडिया किंवा गोंडी बोलणारी आजीही बोटांना बोटांनी उत्तर देऊ शकते.

यावर पहिला आक्षेप येईल तो दुर्मिळतेचा. ज्या आरोग्य केंद्रात हिवताप, क्षय, सिकलसेल, कुपोषण आणि बाळंतपणं यांनी दिवस भरतो, तिथल्या माणसांवर वर्षानुवर्षांत एखादाच सापडणाऱ्या गाठीचं ओझं का टाकायचं? आक्षेप रास्त आहे. फक्त त्या गाठीसाठी ही तपासणी असती तर मीही तो मान्य केला असता. पण हीच बोटं आणि हेच टोपण वाढलेला काचबिंदू दाखवतं, अर्धांगाच्या झटक्यात गेलेली एका बाजूची नजर दाखवतं आणि क्षयावरच्या इथॅम्बुटॉल या गोळीने नसेला होणारी इजाही दाखवू शकतं. ही इजा वेळेवर ओळखून गोळी थांबवली तर बऱ्याचदा भरून येते. क्षयाचे रुग्ण या भागात आहेतच, आणि मेंदूच्या आवरणाला झालेला क्षय त्याच फुलीभोवती चिकटे तयार करतो. तेव्हा बाजूची नजर तपासणं हे दुर्मिळ आजाराचं काम नाही, नेहमीच्या आजारांचं आहे. दुर्मिळ आजार त्यात आपोआप सापडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बोटांची ही तपासणी कच्ची आहे. खरंच आहे. ऑकलंडच्या नेत्रतज्ज्ञांनी २०१० साली अशा तपासण्यांच्या निरनिराळ्या पद्धती यंत्राच्या आलेखाशी ताडून पाहिल्या. एकेकट्या पद्धतीतून बरेच दोष निसटत होते. लाल खूण सरकवणं आणि बोट हलवणं या दोन्ही एकत्र केल्या तेव्हा सुमारे ७८ टक्के दोष पकडले गेले. म्हणजे पाचातला एक तरीही सुटला. त्यामुळे ही तपासणी ‘सगळं ठीक आहे’ असा दाखला देण्यासाठी वापरायची नाही. ‘पुढे पाठवा’ हा निर्णय लवकर घेण्यासाठी वापरायची. आज त्या जागी जवळजवळ काहीच नाही, हे लक्षात घेतलं तर पाचात चार हा आकडा छोटा नाही.

नजरेच्याही आधी ही गाठ बोलत असते, फक्त दुसऱ्या भाषेत. पीयूषिका ग्रंथी शरीरातल्या अनेक ग्रंथींना हुकूम देते. तिच्यात गाठ झाली की बाईची पाळी थांबते, मूल नसताना स्तनातून दूध येतं, पुरुषाची इच्छा आणि ताकद कमी होते. बायकांमध्ये अशी गाठ लहान असतानाच सापडते आणि पुरुषांत मोठी होऊन, असं पुस्तकं सांगतात, कारण पाळी थांबणं ही ठळक खूण असते. पण ती खूण सांगितली तर. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० बायका तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास मेंदूच्या गाठींचा नव्हता. पण त्याने जे उघड केलं ते आपल्या विषयाला थेट भिडतं: जिथे अंगावरचं दुखणं सांगण्याची सोयच नाही, तिथे पाळी थांबल्याची खूण बाईजवळच राहते आणि गाठ नजरेपर्यंत पोचायला मोकळी होते. लहान मुलांचंही तसंच. ग्रंथी दबली की मुलाची उंची वाढायची थांबते. कुपोषणाच्या जिल्ह्यात ठेंगणं मूल कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आश्रमशाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं जातात. उंची अडणं, डोकं दुखणं आणि फळा न दिसणं ही तिन्ही लक्षणं एका मुलात दिसली, तर त्याला नुसता पोषण आहार देऊन थांबता कामा नये.

लवकर सापडण्याचा सर्वांत मोठा लाभ हा की कधी कधी शस्त्रक्रियाच टळते. पीयूषिकेच्या गाठींपैकी एक मोठा वर्ग प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक पाझरणारा असतो. अशा गाठी कॅबरगोलिन या गोळ्यांनी आकसतात. बऱ्याच रुग्णांत नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुधारू लागते. त्यामुळे नजर जात आहे म्हणून घाईने सुरी हातात घेण्याआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन पाहिलंच पाहिजे. इथे एक बारीक सापळा आहे. गाठ फार मोठी असेल तर संप्रेरक इतकं जास्त असतं की चाचणीच दबून खोटा कमी आकडा दाखवते. प्रयोगशाळेला नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं लागतं. ही एक ओळ चिठ्ठीवर लिहिली गेल्याने एखाद्याची शस्त्रक्रिया वाचू शकते.

आता काळाचा पुरावा. डोळ्याच्या पडद्यावरच्या तंतूंच्या थराची जाडी प्रकाशाच्या स्कॅनने, न टोचता, काही मिनिटांत मोजता येते. ऑकलंडच्याच हेलन डॅनेश-मेयर यांच्या गटाने २००८ साली दाखवलं की फुलीजवळच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी हा थर शाबूत असेल तर नजर परतण्याची शक्यता खूप जास्त, आणि तो पातळ झालेला असेल तर कमी. कारण सरळ आहे. दबलेला तंतू आधी फक्त संदेश नेणं थांबवतो. मग त्याचं आवरण झिजतं. मग तो तुटून मरतो. दाब उठला की पहिल्या अवस्थेतले तंतू काही तासांत किंवा दिवसांत जागे होतात, दुसऱ्या अवस्थेतल्यांना आठवडे-महिने लागतात, तिसऱ्या अवस्थेतला एकही परत येत नाही. माणसाच्या डोळ्याची मेलेली नस पुन्हा उगवत नाही. सर्जन कितीही निष्णात असला तरी त्याच्या हाती येतात ते पहिल्या दोन अवस्थांतले तंतूच.

मात्र म्हणून शस्त्रक्रियागृहातल्या कौशल्याचं महत्त्व कमी होत नाही. दबलेली नस निरोगी नसेपेक्षा कितीतरी नाजूक असते आणि तिथे एका चुकीच्या हालचालीने उरलेलंही जातं. या शास्त्राचा इतिहास मुळात उजेडाचा इतिहास आहे. नाकातून जाऊन पीयूषिकेची गाठ काढण्याची पहिली शस्त्रक्रिया ऑस्ट्रियात हेरमान श्लोफर यांनी १९०७ साली केली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी हा मार्ग वर्षानुवर्षं वापरला आणि पुढे सोडून दिला; कवटी उघडून वरून गेलं की नसा डोळ्यांना दिसत, नाकाच्या खोल, अंधाऱ्या वाटेने गेलं की नसा अंदाजाने सांभाळाव्या लागत. कुशिंग यांच्याकडून ही वाट शिकून गेलेले एडिनबरोचे नॉर्मन डॉट यांनी ती जिवंत ठेवली, त्यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार गियो यांच्याकडे आणि तिथून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांच्याकडे गेली. हार्डी यांनी १९६० च्या दशकात तिथे शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणला आणि नाकाचा मार्ग परत रुळला. १९९० च्या दशकात दुर्बीण आली आणि कोपऱ्यापलीकडचंही दिसू लागलं. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयात होमी दस्तुर यांनी मेंदूशल्याचा विभाग उभा केला. त्याच विभागातून अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली फुलीच्या अगदी पुढे होणाऱ्या मेनिन्जिओमाच्या ७० रुग्णांचा आणि २००४ साली पीयूषिकेच्या महाकाय गाठींच्या ११८ रुग्णांचा अनुभव जगापुढे मांडला. हे आकडे दुहेरी अर्थाने बोलके आहेत. असं कौशल्य आपल्याकडे, सार्वजनिक रुग्णालयात आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण त्या गाठी अवाढव्य होईपर्यंत इतके रुग्ण कुठे होते, हा प्रश्नही त्याच आकड्यांत आहे.

नस सांभाळण्याची पद्धत दाब आणि रक्त या दोनच सूत्रांवर उभी आहे. मेनिन्जिओमा बहुतेकदा नसेच्या हाडी बोगद्यात शिरलेला असतो आणि बोगद्याच्या तोंडाशी आवरणाची एक धारदार घडी असते. गाठीला आधी हात लावला, ती हलवली, तर नस त्या घडीवर कापली जाऊ शकते. म्हणून बरेच सर्जन आधी बोगद्याचं छत कोरून काढतात, घडी छेदतात, नस मोकळी करतात, आणि मगच गाठीकडे वळतात. हाड कोरणारी यंत्रं तापतात. ती उष्णता नसेला भाजते, म्हणून थंड सलाइनची धार सतत चालू ठेवावी लागते. गाठ बाहेर ओढायची नाही. आधी आतून पोकळ करायची, मग तिच्या भिंती नसेपासून अलगद सोडवायच्या. आणि सर्वांत अवघड संयम रक्तवाहिन्यांचा. फुलीच्या खालच्या बाजूला मानेच्या मोठ्या धमनीतून केसासारख्या बारीक फांद्या येतात. त्याच गाठीलाही रक्त पुरवताना दिसतात, आणि थोडं रक्त आलं की त्या जाळून टाकण्याचा मोह होतो. तसं केलं तर गाठ स्वच्छ निघते, नस दिसायला अखंड राहते आणि रुग्ण आंधळा उठतो. गाठीत शिरणारी फांदी आणि गाठीवरून नसेकडे जाणारी फांदी यांतला भेद पाहणं हेच या शस्त्रक्रियेचं मर्म आहे, आणि ते कुठलंही यंत्र सर्जनच्या वतीने करत नाही.

यंत्रांचं काय, मग? झोपलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर प्रकाशाचे झोत टाकून डोक्याच्या मागच्या भागातले विद्युत संदेश टिपायची सोय आता आहे. भुलीचा श्वासावाटे दिला जाणारा वायू हे संदेश मंदावतो, म्हणून शिरेतून प्रोपोफॉलची भूल द्यावी लागते. जपानी सर्जनांनी २०१० साली ओळीने शंभर रुग्णांत ही पद्धत वापरून बहुतेकांत विश्वासार्ह संदेश मिळवले. पण ती संपूर्ण नसेचा सरासरी आवाज ऐकते. एखाद्या कोपऱ्याची नजर गेली तर तिला कळत नाही. ती असावी, असं माझं मत आहे, पण ती नसलेल्या ठिकाणी चांगली शस्त्रक्रिया होत नाही असं म्हणणं चूक ठरेल. नाकाचा मार्ग चांगला की कवटीचा, हा वादही असाच पुढे ताणला जातो. निवडक रुग्णांत नाकाच्या मार्गाने नजरेचे निकाल अधिक चांगले आलेले दिसतात, बदल्यात मेंदूभोवतालचं पाणी नाकावाटे गळण्याचा धोका जास्त. गाठ मधोमध, नसांच्या खाली असेल तर नाक. ती बाजूला, नसांच्या बाहेर पसरलेली असेल तर कवटी. सर्जनच्या आवडीवर नव्हे, नस गाठीच्या कोणत्या अंगाला ढकलली गेली आहे यावर हे ठरायला हवं.

भुलीच्या बाजूला एक गोष्ट आपल्या भागाची खास आहे. रक्तदाब घसरला, रक्त पातळ झालं, प्राणवायू कमी पडला तर दबलेली नस सर्वांत आधी उपाशी मरते. म्हणून भूलतज्ज्ञ हाही नजरेचा राखणदार असतो. गोंड, माडिया, परधान समाजांत सिकलसेल सर्रास आढळतो. नुसता वाहक असलेल्याला शस्त्रक्रियेत सहसा अडचण येत नाही, पण प्रत्यक्ष आजार असलेल्याच्या लाल पेशी थंडी, पाण्याची कमतरता आणि कमी प्राणवायू यांत विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्या बंद करतात. गडचिरोलीहून येणाऱ्या रुग्णाची सिकलसेल चाचणी शस्त्रक्रियेआधी झाली नसेल, तर फुलीखालच्या त्या बारीक फांद्या वाचवण्याची सगळी मेहनत भुलीत वाया जाऊ शकते. ही चाचणी अहेरीत होते. नागपूरला पोचल्यावर आठवण व्हायची वाट का पाहायची?

सर्वांत कठीण प्रश्न शेवटच्या तुकड्याचा. गाठ नव्वद टक्के निघाली, उरलेली नसेला घट्ट चिकटली आहे. काढली तर नजर जाऊ शकते, ठेवली तर ती पुन्हा वाढू शकते. पूर्ण काढण्याच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही: पुन्हा वाढलेली गाठ दुसऱ्यांदा काढणं चिकट्यांमुळे अधिक धोक्याचं असतं, आणि दूरच्या गावच्या रुग्णाला दर वर्षी एमआरआयला बोलावणं कागदावर सोपं आहे. तरीही माझा कल तुकडा ठेवण्याकडे आहे, कारण नजर एकदा गेली की दुसरी संधी नाही आणि उरलेल्या तुकड्यावर किरणोपचार आहे. नस दररोजच्या लहान मात्रांत एकूण ५४ ग्रेपर्यंतचे किरण बहुधा सोसते. एका दमात मात्र तिला ८ ते १० ग्रेपेक्षा जास्त देणं धोक्याचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात मेंदूच्या सौम्य गाठी असलेली २०० मुलं आणि तरुण दोन गटांत वाटून, नेमके आकार दिलेले किरण आणि जुन्या पद्धतीचे किरण यांची तुलना केली. २०१७ साली निष्कर्ष आले. गाठीवरचा ताबा दोन्हीकडे सारखाच, पण नेमक्या किरणांच्या गटात बुद्धी आणि संप्रेरकं अधिक चांगली राहिली. म्हणजे लहान मुलातही तुकडा ठेवण्याचा निर्णय निराधार नाही. अट एकच: घरच्यांना आधीच सांगितलं पाहिजे की उपचार सुमारे सहा आठवडे चालेल आणि तपासणी आयुष्यभर. ते न सांगता तुकडा ठेवणं म्हणजे अडचण पुढे ढकलणं.

मग अशा शस्त्रक्रिया गडचिरोलीतच सुरू कराव्यात का? मागणी भावनेला पटते, पण मला ती चुकीची वाटते. या जागेवर वर्षाला मोजक्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांपेक्षा वारंवार करणारे हात नस अधिक चांगली सांभाळतात, आणि सोबत संप्रेरकतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, रात्री दोन वाजता चालणारं सीटी स्कॅन लागतं. कारण पहिल्या रात्री, भूल उतरताच, दर तासाला बोटं मोजायला लावून नजर पाहावी लागते. ती अचानक घसरली तर आत रक्त साकळलं असेल आणि काही तासांत पुन्हा उघडावं लागेल. हे सारं नागपूर-मुंबईतच व्हावं. इकडे यावं ते शस्त्रक्रियेच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम. पैशांची वाट बरीच मोकळी झाली आहे: २०१२ साली जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, आणि आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर चालते. पण योजना शस्त्रक्रियेचा खर्च देते. आलापल्लीच्या माणसाला आधी कळावं लागतं की त्याला शस्त्रक्रिया हवी आहे.

पलीकडचं काम तितकंच निकडीचं आहे. ग्रंथी दुबळी झालेल्या रुग्णाला रोज हायड्रोकॉर्टिसोनची गोळी लागते, आणि ताप आला की ती दुप्पट करावी लागते. नाही तर माणूस कोसळतो. हिवतापाच्या प्रदेशात हे घरातल्या प्रत्येकाला आणि गावच्या आशाताईला माहीत हवं. शिवाय गाठीत अचानक रक्तस्राव होऊन काही तासांत नजर जाण्याचा प्रकार असतो: भयंकर डोकेदुखी, उलट्या, एकाची दोन दिसणं, पापणी पडणं. पावसाळ्यात भामरागडकडची वाट पर्लकोटा नदीच्या पुरात अडते, आणि डोकेदुखी-उलटीला मेंदूचा हिवताप समजलं जाणं स्वाभाविक आहे. रक्ताचा नमुना जरूर घ्यावा, पण बाहुल्या आणि बाजूची नजरही त्याच वेळी पाहावी. गाठीतल्या अशा रक्तस्रावात आधी शिरेतून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि नजर फार गेली असेल तर दाब पहिल्या आठवड्यातच उठवावा लागतो.

आरोग्य सेवेत काम करणाऱ्यांना आणि घरातल्या मोठ्यांना माझी विनंती अशी. चष्म्याने न सुधारणारी नजर असलेल्या कुणालाही बोटं आणि लाल टोपण दाखवल्याशिवाय परत पाठवू नका. भिंग खरोखर पांढरं दिसल्याखेरीज कागदावर मोतीबिंदू लिहू नका. पुढे पाठवताना चिठ्ठीत नजर कधीपासून कमी झाली, कोणत्या बाजूची गेली, पाळी किंवा उंची थांबली आहे का, सिकलसेलचा निकाल काय आणि इथॅम्बुटॉल चालू आहे का, एवढं लिहा. आणि तारीख ‘दोन महिन्यांनी दाखवा’ अशी न देता या आठवड्यातली द्या.